टोपीवाल्याची पोथी

माझी मोठी जाव चंद्रावती विलायती खुनाची पुस्तकं वाचायची, असं सांगितलं की लोक अजून हसतात. मासे विकणारी बाई आणि लंडनचे खून! परवा माझी नातसून तोंडाला पदर लावून हसली, तेव्हाच ठरवलं, आता लिहायचं. मी शाळेत दुसरीपर्यंत गेले, त्यातलंही निम्मं वर्ष पावसात गेलं. वेलांट्या चुकल्या तर छापणाऱ्याने सुधाराव्यात, शब्द मात्र बदलू नये. यात हसण्यासारखं जेवढं आहे तेवढं मीच सांगते. त्याच्या पुढे कोणी हसू नये.

चंद्राबाय मुळात तापट. तिच्या पाटीतलं पापलेट कोणी दाबून दाबून बघितलं की म्हणायची, "तुझे गाल पण नवऱ्याने असेच दाबून बघितले होते काय गो?" गिऱ्हाईक चिडायचं, पण मासे तिच्याकडूनच घ्यायचं, कारण शिळा मासा तिने कधी ताजा म्हणून दिला नाही. ती चौथी शिकलेली. तिचा बाप पांड्या. त्याने दोन्ही पोरींना शाळेत घातलं म्हणून सगळी वाडी त्याला खुळा म्हणायची. थोरली चंद्रा आणि धाकटी गंगी.

पुस्तकांचा नाद लागला तो डहाणू रोडला, रेल्वेच्या क्वार्टरमध्ये. तिथे सुधावहिनी राहायच्या, त्यांचे यजमान स्टेशनात मास्तरांच्या हाताखाली होते. एकदा आम्ही दोघी मासे घेऊन त्यांच्या मागच्या दारी गेलो, तर बाई चौकटीला टेकून पुस्तकात घुसलेल्या.

"वहिनी, मासे बघा तरी," चंद्राबाय म्हणाली.

"थांब गं जरा. खुनी सापडतोय."

"कुठे सापडतोय?"

"लंडनला."

चंद्राबायने पाटी उतरवली आणि पायरीवर बसकण मारली. "कोणाचा खून झाला? कशाने मारलं?"

सुधावहिनी सांगत गेल्या, ही मासे साफ करत गेली. गोष्ट संपेस्तोवर हिने सगळी पाटीच साफ करून ठेवली होती, वहिनींनी न घेतलेले मासेसुद्धा! पुढल्या दारांवर आम्हाला त्या दिवशी काय काय ऐकून घ्यावं लागलं ते विचारू नका. त्यानंतर वहिनी तिला पुस्तकंच देऊ लागल्या. त्या गावातल्या वाचनालयाच्या सभासद होत्या. मराठीत उतरवलेली जाड पुस्तकं असायची. चंद्राबाय ती शिडाच्या जुन्या कापडात गुंडाळून कमरेला खोचून आणायची, आणि वाळत टाकलेल्या बोंबलांजवळ बसून मोठ्याने वाचायची. मनात वाचायला शाळेत शिकवलंच नव्हतं. मी काठी घेऊन कावळे हाकायचे आणि ऐकायचे.

काय तो देश! सकाळ झाली की धुकं. घरात भिंतीत चूल असते, ती पेटवून माणसं तिच्याकडे नुसती बघत बसतात, वर काही शिजवत नाहीत. दर पुस्तकात एक पैसेवाली म्हातारी असते आणि ती मरते. मग पावसातून एक माणूस येतो. दारात टोपी काढतो, हातात धरतो, आणि विचारायला लागतो. तू कुठे होतास? तू काय बघितलंस? त्या लोकांची नावं आमच्या जिभेवर बसत नसत, म्हणून चंद्राबायने आपली नावं ठेवली होती. एक लांबनाक्या, एक कुत्रेवाली, एक घोरणारा सायब. विचारणारा तेवढा दर वेळी टोपीवालाच.

तिला त्यात काय गोड लागत होतं, ते मला आधी कळलं नाही. मला वाटायचं, नाद आहे. कोणाला तंबाखू लागते, हिला खून लागतात. एकदा ती पुस्तक मिटून म्हणाली, "हिरे, त्या देशात माणूस मेलं की कोणीतरी विचारायला येतं." आणि उठून गेली. तेव्हा कळलं, हिच्या डोक्यात गंगी आहे.

आता गंगीचं सांगते. 

गंगी एका शेठच्या बंगल्यावर कामाला होती. शेठचं नाव लिहीत नाही. भीती कोणाची नाही, पण त्याच्या नातवंडांनी कोणाचं काय वाईट केलंय? रानशेतच्या रस्त्याला त्याची चिकूची वाडी होती, आणि तलासरीकडे गवताच्या वखारी. त्या घरात मासळीचं नाव चालत नसे. आमच्या पोरीला काम असायचं ते बाहेरचं. अंगण झाडणं, शेण काढणं, कपडे धुणं. एका दुपारी निरोप आला, तुमची पोर विहिरीत सापडली. पांड्या आणि आमचे हे पळत गेले तोवर सगळं उरकलं होतं. पोलीस येऊन गेले होते. पंच म्हणून तेव्हाचे तलाठी एकनाथराव उभे होते. विहिरीच्या काठावर पितळेची कळशी पडलेली. पाणी काढताना पाय घसरला, असं लिहून झालं. पांड्याचा अंगठा घेतला, झालं. शेठचा मोठा मुलगा त्याच दुपारी गाडीत बसून मुंबईला गेला, तो का गेला हेही कोणी विचारलं नाही.

कागदावर पाय घसरला. बाजारात मात्र दुसरंच बोलणं सुरू झालं. पोरीने उडी टाकली म्हणे. का टाकली, ते म्हणणारी डोळे मिचकावून सांगायची. ज्या पोरीला आम्ही मांडीवर खेळवलं तिच्याबद्दल पाटीभोवती उभ्या राहून बाया असं बोलायच्या! पांड्याने बाजारात यायचं सोडलं. घरात गंगीचं नाव घेणं बंद झालं. शेठने घरच्या बायांना म्हणून कापड पाठवलं, ते चंद्राबायने उकिरड्यावर फेकलं.

त्याला काही वर्षं झाली. साल एकोणसाठचं असावं. डहाणू आणि तलासरी गुजरातेत जाणार की महाराष्ट्रात राहणार, याच्या सभा चालल्या होत्या. पुढारी गळा फोडून भांडत होते, आमची पुरुषमाणसं जाळी विणता विणता भांडत होती. डहाणू कुठे जाणार याची सगळ्यांना काळजी. गंगी कशी गेली, याची कोणाला नव्हती.

त्या वर्षीच्या श्रावणात ही गोष्ट झाली. होड्या ओढून वर घेतलेल्या, नारळी पुनवेपर्यंत दर्या बंद. बायांना दुपारी उसंत. चंद्राबायने वहिनींकडून नवं पुस्तक आणलं आणि पडवीत वाचायला बसली. आमच्या सासूला सगळे आये म्हणायचे. डोळ्यांत मोतीबिंदू, पण कान असे की खाडीत मासा उडाला तर घरात कळावं. तिने ऐकलं.

"श्रावणाची पोथी लावलीस काय गो चंद्रे?"

चंद्राबाय काय बोलणार? "हो आये."

"कोणच्या देवाची?"

मला हसू आवरेना. मी म्हटलं, "टोपीवाल्याची."

आये म्हणाली, "नवा देव दिसतो. असू दे. ऐकायला काय जातंय."

आणि तिने पाट मांडायला लावला. पाटावर धुतलेलं फडकं, फडक्यावर पुस्तक, पुस्तकाला हळदकुंकू, फूल. वरच्या चित्रात एक हात होता आणि हातातून रक्त गळत होतं. कुंकू नेमकं तिथेच लागलं, ते रक्तात मिसळून गेलं. पोथीचे सगळे नियम लागू झाले. रोज एकच अध्याय. पुढचं पान चाळून बघायचं नाही. मध्ये उठायचं नाही. आणि लावलेली पोथी समाप्तीशिवाय घराबाहेर जायची नाही. आजूबाजूच्या बाया येऊन बसू लागल्या. शेजारची हंसा तर तान्हं पोर घेऊन पहिल्या रांगेत. पुस्तकात कुत्रेवाली विष खाऊन मेली, तेव्हा मला वाटलं आता आये ओळखणार. आयेने हात जोडले. "पोथीत राक्षस असायचाच," म्हणाली. "वाच पुढे."

त्या पुस्तकात एका मोठ्या घरात एक मोलकरीण होती. गरिबाची पोर. ती घरासमोरच्या तळ्यात मेलेली सापडते. पुढच्या दाराच्या दगडी पायऱ्या तळ्यात उतरतात, तिथे. सगळे म्हणतात, पायरीवरून पाय घसरला. डॉक्टर तसं लिहून देतो.

चंद्राबायने एवढं वाचलं आणि हंसा ओरडली, "खोटं! मोलकरीण पुढच्या दाराने जाईलच कशी?"

"तेच ना," दुसरी म्हणाली. "आधीच्या अध्यायात नाही काय, स्वयंपाकिणीने तिला झापलं? नोकरांनी मागच्या दाराने जायचं म्हणून?"

"पुढच्या पायरीवर तिचा पाय पडणार नाही, मग घसरेल कुठला!"

बाया अशा पेटल्या की पडवीत कावळे उतरले तरी कोणी उठेना. जगातल्या कुठल्याही मोठ्या घराला कामवालीसाठी मागचं दार असतं, हे आम्हाला कोणी लंडनहून येऊन सांगायला नको होतं.

 चंद्राबायचं बोट मात्र पानावर तसंच. मग माझ्याकडे वळली.

"हिरे, गंगीला शेठच्या घरी पाणी कोण द्यायचं?"

"चिमण," मी म्हटलं. चिमण म्हणजे शेठचा रसोया, घरचा स्वयंपाकी. "वरून ओतायचा. ती ओंजळ धरायची."

"कळशीला हात लावू द्यायचे तिला?"

"कळशीला? तिला विहिरीच्या कठड्याजवळ उभी राहू देत नव्हते."

"मग ती पाणी काढायला गेली कशी?"

 हंसाचं पोर रडायला लागलं. हे काय आम्हाला माहीत नव्हतं? वाडीतल्या एकूण एक बाईला माहीत होतं. पोर स्वतः सांगायची, हसत सांगायची, मला तिथे विटाळाची समजतात म्हणून. पण कागदावर 'पाणी काढताना' असं लिहिलं, आणि आम्ही ते गिळलं. कोणी विचारायला आलं नाही, म्हणून कोणी बोललं नाही. त्या घटकेला जो राग आला तो सगळा शेठवर नव्हता. निम्मा आमच्याच थोबाडावर होता.

चंद्राबायने फूल पानात ठेवलं आणि पुस्तक मिटलं. "हा टोपीवाला माणसांना बोलतं कसं करतो, ते मला बघायचंय," म्हणाली. "शेवटच्या अध्यायात बघते. मग मी पण विचारीन."

तेव्हापासून आम्ही पोथी ऐकत नव्हतो, वाट बघत होतो.

शेवटचा अध्याय राहिला होता. पुनव दोन दिवसांवर. दुपारी समाप्ती करायची म्हणून आयेने नारळ धुऊन ठेवला, खोबऱ्याच्या वड्या केल्या. आणि नेमके तेव्हाच चिखलातून छत्री सावरत एकनाथराव आले. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात चिखलात रुतून तुटलेली चप्पल. त्यांच्या मागे मान खाली घातलेल्या सुधावहिनी.

एकनाथराव आता तलाठी राहिले नव्हते. निवृत्त होऊन वाचनालयाचे चिटणीस झाले होते. झालं होतं असं, की चंद्राबायने आधी वाचलेल्या पुस्तकात माशाचं एक खवलं राहून गेलं. ते त्यांना सापडलं. त्यांनी पान हुंगलं म्हणे! मग काय, स्टेशनात चार लोकांसमोर वहिनींच्या यजमानांना गाठलं आणि विचारलं, वाचनालयाची पुस्तकं दर्यावरच्या झोपड्यांत कशी जातात? यजमान घरी येऊन बायकोवर भडकले. एक खवलं शोधून काढायला या माणसाला डोळे होते. नाक होतं. पाय घेऊन तो इथवर चालत आला. आमची पोर विहिरीत पडली होती तेव्हा हे डोळे कुठे ठेवले होते?

"चंद्रा, पुस्तक दे गं," वहिनी हळूच म्हणाल्या. "उगाच वाढायला नको."

एकनाथरावांना पाट दिसला. पाटावरचं पुस्तक दिसलं. "हे काय! वाचनालयाच्या पुस्तकाला हळदकुंकू? डोकी ठिकाणावर आहेत का तुमची?"

"कोण बोलतो तो?" आयेने मान वर केली. "पोथी चालू आहे. खाली बस."

"अहो म्हातारबाई, ही पोथी नाही. खुनाची कादंबरी आहे ही."

"मग? पोथीत खून नसतात? कंस काय तापाने मेला?"

हंसा फिसकन हसली. एकनाथराव लाल झाले आणि पुस्तक उचलायला वाकले. आयेने पाटावर हात आडवा टाकला.

"समाप्तीशिवाय पोथी हलायची नाही. परवा पोरं दर्यात जातील. एखादी होडी परत आली नाही तर तू येशील भरायला?"

जाळी विणणारे पुरुष आता बघू लागले होते. माझा दीर नारू उठला. नारू म्हणजे चंद्राबायचा नवरा. कमी बोलणारा, पण दारात उभा राहिला की दार दिसायचं नाही. तो तसा उभा राहिला. "बसा भाऊसाहेब," म्हणाला. "एकच अध्याय आहे. प्रसाद घेऊन जा."

एकनाथरावांनी इकडे तिकडे बघितलं आणि बसले. मी त्यांना पाट दिला. वहिनी माझ्या शेजारी येऊन बसल्या.

चंद्राबायने वाचायला घेतलं. आवाज तिचा रोजचाच, बाजारातला. टोपीवाला सगळ्यांना एका खोलीत गोळा करतो. खून कोणी केला, असं तो विचारतच नाही. एवढंच विचारतो, ती पोर कुठल्या दाराने यायची जायची? स्वयंपाकीण म्हणते, मागच्या. माळी म्हणतो, मागच्या. घोडागाडीवाला म्हणतो, मागच्या. शेवटी तो डॉक्टरकडे वळतो, ज्याने पाय घसरला असं लिहून दिलं होतं त्याच्याकडे. डॉक्टरच्या हातातला पेला हलायला लागतो.

चंद्राबायने फूल पानात ठेवलं.

"अध्याय मोडू नको गो," आये म्हणाली.

"मोडत नाही आये. इथे विचारायचं असतं." आणि ती एकनाथरावांकडे वळली. "भाऊसाहेब, शेठच्या विहिरीचं पाणी कोण काढायचं?"

"कुठला शेठ?"

"ज्याच्या विहिरीवर तुम्ही पंच होतात, तो."

"हे काय भलतंच... मला काय माहीत कोण काढायचं?"

"राहू दे. हंसा, तू सांग. कोण काढायचं?"

"चिमण."

"तुम्ही?" तिने नवऱ्याला विचारलं.

"चिमण," नारू दारातून म्हणाला.

"हिरे?"

"चिमण."

आयेला कोणी विचारलं नव्हतं, तरी ती बोलली. "चिमणच. पोर एकदा मला म्हणाली होती, आये, ढोरांना तिथे बादली मिळते, मला ओंजळ."

 एकनाथराव धोतराच्या सोग्याने मान पुसत होते.

"भाऊसाहेब," चंद्राबाय पुन्हा म्हणाली. आवाज चढवला नाही. मला तिची भीती वाटली ती त्यामुळेच. "पाणी कोण काढायचं?"

"चिमण," ते म्हणाले.  मग जमिनीकडे बघत बोलले, "मी पोचलो तेव्हा कळशी तिथे नव्हती. चिमणने ती आतून आणली. माझ्यासमोर ठेवली काठावर. शेठनी खूण केली, तशी."

सुधावहिनींच्या तोंडून काहीतरी निघालं. नारूने दाराची चौकट धरली.

"मग तुम्ही बोलला का नाही?"

"मला कोणी विचारलं नाही."

चंद्राबाय उभी राहिली. आता मात्र आवाज चढला, असा चढला की खाडीपलीकडच्या होड्यांवर ऐकू गेला असेल. "कोणी विचारायचं होतं? पाण्यातून वर येऊन गंगीने विचारायचं होतं? की माझ्या बापाने, ज्याचा अंगठा तुम्ही हाताने धरून टेकवलात? पोरीने उडी टाकली म्हणून गाव थुंकत होतं आमच्यावर, तेव्हा तुम्ही बाजारात भाजी घेत होतात. ऐकत होतात. घरी जाऊन जेवत होतात! पुस्तकातलं खवलं दिसतं तुम्हाला? ती कळशी दिसली होती ना? मग?"

एकनाथराव उठले. तुटकी चप्पल उचलली. छत्री तिथेच राहिली. नारू दारातून बाजूला झाला, मारलं नाही, पण सरकला असा की त्यांना अंग चोरून जावं लागलं.

"प्रसाद घेतल्याशिवाय उठू नये," आये मागून म्हणाली. ते थांबले नाहीत.

"वहिनी, पुस्तक न्या," चंद्राबाय म्हणाली. तिचा ऊर भात्यासारखा हलत होता.

सुधावहिनी खाली बसल्या त्या बसल्याच. "शेवटचं पान राहिलंय," त्या म्हणाल्या. "वाच. उद्या मी स्वतः नेऊन त्यांच्या टेबलावर ठेवते. कुंकवासकट."

मग चंद्राबायने शेवटचं पान वाचलं. खुनी घरचा जावई निघाला. टोपीवाल्याने त्याला बेड्या घातल्या. आयेने नारळ फोडला, आम्ही वड्या वाटल्या. हसू नका सांगितलंय मी.

बेड्यांचं ऐकलं म्हणून आम्ही खुळ्यासारख्या चौकीवर गेलो. चंद्राबाय, नारू, काठी टेकत पांड्या, आणि मी. जमादार पान खात होता. म्हणाला, साक्षीदार कोण? आम्ही एकनाथराव सांगितलं. त्यांना बोलावणं धाडलं तर ते म्हणाले, मी असं काही बोललोच नाही, बायकांचा गैरसमज झाला. जमादार म्हणाला, पोथी ऐकताना बोललेलं सरकारात चालत नाही, जुनी गोष्ट उकरू नका, मासे विका.  परत येताना पांड्याने वाटेत एकदा थांबून अंगठ्याकडे बघितलं.

विकले की मासे. पुनव झाली, दर्याला नारळ गेला, होड्या सुटल्या, पहिली मासळी आली. किनाऱ्यावर पाट्या भरताना चंद्राबाय सगळ्यांना म्हणाली, "पाटी उघडायच्या आधी बोलायचं. बोलून झालं की मग उघडायची." कोणी का म्हणून विचारलं नाही. वाढवणपासून डहाणू रोडपर्यंत, रेल्वेची क्वार्टरं, मामलेदाराची गल्ली, रानशेतचा रस्ता, बाजाराच्या दिवशी थेट तलासरी. दारात पाटी उतरवायची, फडक्यावर हात ठेवायचा आणि म्हणायचं, "गंगी पाण्याला गेली नव्हती. तिला विहिरीला हात लावू देत नव्हते. कळशी मागाहून आणून ठेवली. एकनाथराव तलाठ्यांनी बघितलं." मग फडकं काढायचं. गिऱ्हाईक म्हणायचं, अगं मासे दाखव. आम्ही म्हणायचो, आधी हे ऐका. एकीने कान झाकले, तिला त्या दिवशी मासे मिळाले नाहीत.

शेठला काही झालं नाही. तो म्हातारा होऊन कापसाच्या गादीवर मेला. मुलगा मुंबईहून परत आला नाही, तिकडेच त्याचं बरं चाललं असं ऐकलं. चिमण कुठे गेला कोणाला ठाऊक नाही. पुस्तकात असं कधी होत नाही, म्हणून तर ती पुस्तकं माणूस वाचतो. पण शेठच्या बंगल्यावर अंगण झाडायला पुन्हा कोणी बाई मिळाली नाही. आणि गंगीने उडी टाकली, हे बोलणं बंद झालं. पांड्या बाजारात येऊ लागला. माशाच्या ओळीत चंद्राबायच्या मागे बसून विडी ओढायचा, आणि कोणी ओळखीचं दिसलं की मुद्दाम मोठ्याने म्हणायचा, "माझी गंगी असती तर..."

वाचनालयाने सुधावहिनींचं नाव काढलं. वहिनी म्हणाल्या, काढा. मग त्यांचे यजमान मुंबईला गेले की त्यांच्याकडून रद्दीतली पुस्तकं मागवायच्या, आणि दर श्रावणात आमच्या पडवीत एक पोथी लागायची. आये मरेपर्यंत टोपीवाल्याला हात जोडत होती.

एकनाथरावांचं राहिलं. त्यांच्या बायकोला, अहिल्याबाईंना, सुरमई लागायची आणि चांगली सुरमई चंद्राबायकडेच. श्रावण संपला तसे ते पिशवी घेऊन बाजारात आले, मान दुसरीकडे वळवून. मला वाटलं, ही आता शिव्या घालणार. तिने सुरमई उचलून समोर धरली आणि सगळ्या बाजारादेखत विचारलं, "भाऊसाहेब, शेठच्या विहिरीचं पाणी कोण काढायचं?"

ते तसेच निघून गेले. पुढच्या आठवड्यात आले. तिने पुन्हा विचारलं. त्यांनी दुसऱ्या बाईकडे पिशवी धरली. ती बाई म्हणाली, "चंद्राबायने विचारलंय ना काहीतरी?" तिच्या शेजारचीही तेच म्हणाली. शेवटी एका दिवशी ते पुटपुटले, "चिमण." चंद्राबायने मासा तोलून त्यांच्या पिशवीत टाकला. त्यानंतर दर वेळी असंच. मासा घ्यायला आले की ती विचारणार, ते सांगणार. गडी पाठवला तरी ती गड्याला विचारायची, जाऊन विचारून ये. मासा कापायला उशीर होतो म्हणून गिऱ्हाइकं कुरकुरायची, तिला काही फरक पडायचा नाही. बाजारातल्या नव्या बायांना ते दोघांचं काही व्रत वाटायचं.

साठचं दशक सरत आलं तेव्हा चंद्राबाय काविळीने गेली. उशाखाली अर्धं वाचलेलं पुस्तक होतं. ते मी अडखळत अडखळत, बोट ठेवून, तिच्या दिवसांत वाचून पुरं केलं. अर्धी पोथी घरात ठेवता येत नाही.

तेराव्यानंतर तिच्या जागेवर मी पाटी घेऊन बसले. एकनाथराव आले. पाठ वाकलेली, छत्रीची काठी केलेली.  मी काही बोलायच्या आधी ते आपणहून म्हणाले, "चिमण काढायचा गं."

आजूबाजूच्या बाया माझ्याकडे बघत होत्या. म्हाताऱ्याने पिशवी पुढे केली होती. कोणाला वाटेल, आता सोडावं.

मी सुरमई उचलली आणि विचारलं, "भाऊसाहेब, शेठच्या विहिरीचं पाणी कोण काढायचं?"

"चिमण," ते पुन्हा म्हणाले.

मग मी मासा कापायला घेतला.